संपातल्या लाल अळ्या : बडोद्यातल्या एका इमारतीच्या पाण्याचे प्रकरण

बडोद्यात इमारतीच्या तळाशी जमिनीत बांधलेल्या पाण्याच्या टाकीला सगळे ‘संप’ म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ‘उद्या संपामुळे पाणी येणार नाही, भरून ठेवा’ असे सांगितले की तो कुठल्या कामगारांचा संप म्हणून विचारतो, इतका हा शब्द आमच्या मराठीत मुरलेला आहे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. आजव्याच्या सरोवराचे किंवा महीच्या काठच्या विहिरींचे ते पाणी आधी संपात उतरते, तिथून मोटरीने गच्चीवरच्या टाक्यांत चढते आणि मग घरोघरच्या नळांना येते. या प्रकरणातली इमारत दांडिया बाजारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. चार मजले, सोळा घरे, त्यांतली निम्म्याहून अधिक मराठी, संप अंदाजे वीस हजार लिटरचा आणि गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या चार टाक्या. मी त्याच गल्लीत राहतो आणि निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवत होतो, एवढ्या ओळखीवर हे प्रकरण माझ्याकडे आले.

दिवाळी नुकतीच संपली होती. पहिल्या मजल्यावरच्या आजी अजूनही वस्त्रगाळ पाणीच माठात भरतात; घरात गाळणयंत्र बसवलेले असले तरी त्याच्या नळाआधीचे फडके त्यांनी सोडलेले नाही. त्यामुळे सोळा घरांत पहिली अळी त्यांनाच दिसली. स्टीलच्या वाटीत दोन घोट पाण्यात ती घेऊन त्या स्वतः माझ्याकडे आल्या.

‘‘सर, हे जीवडां बघा. नळातून आलंय, आणि जिवंत आहे. रक्तासारखं लाल आहे हो.’’

माझे पहिले निदान चुकले. ते इथे नोंदवणे भाग आहे, कारण त्या चुकीपायी दोन दिवस आणि प्लंबरची मजुरी वाया गेली. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली, चष्म्याशिवाय, मला वाटीत एक बोटाच्या पेराएवढा लाल दोरा वळवळताना दिसला आणि मी तो ट्युबिफेक्स असल्याचे सांगून टाकले. ट्युबिफेक्स हा गांडुळाच्या नात्यातला वलयी कृमी आहे आणि तो सांडपाण्याच्या गाळात वाढतो. तेव्हा तो नळातून येत असेल, तर गटाराची नळी कुठेतरी फुटून पाणी संपात झिरपत असणार, असे अनुमान मी केले. सचिवांनी दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या फरशा उचकटायला लावल्या. गटाराची नळी संपापासून बरीच दूर निघाली; ती कोरडी आणि शाबूत होती.

तिसऱ्या दिवशी आजींनी फडक्यावरच्या आणखी सात-आठ अळ्या दिल्या आणि त्या मी रीतसर भिंगाखाली पाहिल्या. ट्युबिफेक्सला डोके असे काही नसते. याला कडक, तपकिरी डोके होते आणि त्यावर डोळ्यांचे काळे ठिपके होते. डोक्यामागे आखूड, आकड्यांची टोके असलेले कूटपादांचे, म्हणजे खोट्या पायांचे, एक जोडपे, शेपटीकडे दुसरे. शेपटीच्या अलीकडच्या खंडावर बोटांसारख्या लांब नलिकांच्या दोन जोड्या लोंबत होत्या आणि अगदी टोकाला चार लहान, फुगीर अंकुर होते. पाण्यात सोडल्यावर अळी अंगाचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळसे घालत पोहत होती आणि थोड्याच वेळात दमून तळाशी जात होती. ही माश्या-डासांच्या डिप्टेरा गणातील कायरोनोमिडी कुलाची, कायरोनोमस प्रजातीची अळी होती. तिच्यातून निघणारे चिलट दिसायला डासासारखे असले तरी चावत नाही. संध्याकाळी दिव्याभोवती किंवा तळ्याकाठी ढगासारखे घोंघावणारे जे चिलटांचे थवे दिसतात, ते बहुधा याच कुलातल्या नरांचे असतात. बहुतेक डासांची अळी श्वासनळी पाण्याबाहेर काढून उलटी लोंबते, तसे ही कधीच करत नाही. या एका फरकावर पुढचे सारे प्रकरण उभे आहे.

आता प्रश्न असा, की अळ्या बाहेरून येत होत्या की इमारतीतच जन्मत होत्या. तोवर बहुतेक रहिवाशांनी दोष बाहेरून येणाऱ्या पाण्यावर टाकला होता आणि तक्रारीचा अर्जही तयार होता. मी सचिवांना आठवडाभर थांबायला सांगितले. संपात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला, मोटरीतून गच्चीवर जाणाऱ्या नळीच्या तोंडाला आणि आजींच्या नळाला अशा तीन जागी आम्ही मलमलीची दुहेरी फडकी बांधली आणि पाच दिवस सकाळी ती उलटी करून पांढऱ्या ताटात धुतली. बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या फडक्यावर माती आणि गंजाचे कण आले. अळी एकही आली नाही. मोटरीच्या फडक्यावर रोज अळ्या होत्या, लाल आणि मोठ्या, आणि त्यांच्यासोबत फिक्या, जवळजवळ पारदर्शक, नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्याही होत्या. अर्ज फाडला गेला.

पाण्याच्या मुख्य नळांतून येऊ शकणाऱ्या एका कायरोनोमिडचा विचार इथे करायलाच हवा होता. पॅराटॅनिटार्सस ग्रिमाय या जातीत नराची गरजच नसते; माद्या फलनाशिवाय अंडी देतात, आणि प्रसंगी कोशातून पुरते बाहेर न पडताच देतात, त्यामुळे बंद नळ्यांच्या जाळ्यातसुद्धा तिची पिढ्यान्‌पिढ्या वाढ होत राहते. तिच्यासाठी झाकणाला जाळी बसवणे हा उपायच नव्हे. पण ती फार लहान असते, आमच्या अळ्या तिच्या कितीतरी पट मोठ्या होत्या, आणि येणारे पाणी स्वच्छ होते. ती शक्यता सोडून दिली.

संपाचे झाकण आम्ही संध्याकाळी उघडले. लोखंडी झाकणाची एक कड गंजून निघालेली होती आणि तिथून दोन बोटे जातील एवढी फट पडलेली होती. मोटरीच्या खोलीतला दिवा बरोबर त्या फटीच्या वर, आणि तो रात्रभर जळत असे. भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर, चिलटे चिकटून बसली होती. काठीने तळ ढवळल्यावर चार बोटे जाडीचा काळा गाळ लागला आणि सडक्या अंड्याचा वास वर आला. गाळात पानांचा भुगा होता आणि कबुतरांची पिसे होती. (या शहरात कबुतराबद्दल वाईट बोलताना मला नेहमी संकोच वाटतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जे. सी. जॉर्ज यांनी १९५० च्या दशकापासून कबुतराच्या उरोस्नायूवर जे काम केले, त्याने चरबी जाळणारे बारीक लाल तंतू आणि ग्लायकोजेन वापरणारे जाड पांढरे तंतू हा भेद जगभरच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या नजरेत आणला. पण पिसे आणि विष्ठा हे संपाच्या तळाशी उत्तम खत असते, हेही खरेच.)

रंगाचा अर्थ

बहुतेक कीटकांच्या रक्ताला ऑक्सिजन वाहून नेण्याचे कामच नसते. हवा श्वासरंध्रांतून आत शिरते आणि सूक्ष्म श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. म्हणून झुरळ चिरडले तर रंगहीन द्रव निघतो, लाल नाही. कायरोनोमसच्या अळीची श्वासरंध्रे मात्र बंद असतात. ऑक्सिजन तिच्या पातळ त्वचेतूनच आत झिरपतो आणि तिच्या हीमोलिम्फमध्ये, म्हणजे कीटकाच्या रक्तात, हीमोग्लोबिन असते. आपले हीमोग्लोबिन तांबड्या पेशींत कोंडलेले असते. तिचे मेदपिंडाच्या पेशींत तयार होऊन सरळ द्रवात विरघळलेले असते. आपल्या रेणूत चार साखळ्या आणि चार हीम गट असतात. तिच्यात एकेका हीमचे सुटे रेणू आणि त्यांच्या जोड्या असतात, आणि एकाच अळीत अशी अनेक वेगवेगळी हीमोग्लोबिने सापडतात.

पण खरा फरक आहे तो पकडीत. माणसाचे हीमोग्लोबिन ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे २६ ते २७ मिलिमीटरवर आला की निम्मे रिकामे होते. कायरोनोमसचे निम्मे रिकामे व्हायला हा दाब १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली यावा लागतो. मोकळ्या हवेत तो १५९ असतो हे लक्षात घेतले म्हणजे ही पकड किती घट्ट आहे ते कळते. याचा अर्थ चांगल्या, खेळत्या पाण्यात हे हीमोग्लोबिन जवळजवळ बेकार असते. ते पूर्ण भरलेले राहते आणि सोडत काहीच नाही. त्याला काम मिळते ते ऑक्सिजन संपत आल्यावर. इझाबेला लाइच यांनी १९१६ मध्ये ही गोष्ट मोजून दाखवली. पुढे १९५० मध्ये बार्बरा वॉल्श यांनी कार्बन मोनॉक्साइड देऊन काही अळ्यांचे हीमोग्लोबिन निकामी केले आणि त्यांची धडधाकट अळ्यांशी तुलना केली. ऑक्सिजन कमी झाल्यावर हीमोग्लोबिन चालू असलेल्या अळ्या पाणी ओढून गाळून खाणे चालूच ठेवत होत्या, आणि ऑक्सिजनविना काढलेल्या काळानंतर त्या लवकर सावरत होत्या. ऑक्सिजन अगदीच नाहीसा झाला, तरी अळी काही काळ साठवलेले ग्लायकोजेन आंबवून तगून राहते, आणि तयार झालेले इथेनॉल अंगाबाहेर पाण्यात सोडून देते. विल्प्स आणि झेबे यांनी हे १९७६ मध्ये दाखवले. गोल्डफिशही गोठलेल्या तळ्यात हेच करतो. दोन अगदी दूरच्या प्राण्यांनी एकाच अडचणीवर शोधलेली ही एकच पळवाट मला विद्यार्थ्यांना सांगायला नेहमी आवडत असे.

संपातल्या ऑक्सिजनचे मोजमाप करावे म्हणून मी रसायनशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्यांची मदत घेतली. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो. विंकलरच्या पद्धतीने संपाचे वरचे पाणी त्याच्या जवळपास आले, म्हणजे ठणठणीत होते. तळाच्या नमुन्यावर मात्र या पद्धतीचा भरवसा नसतो, कारण गाळातले सल्फाइड त्या प्रक्रियेतले आयोडीन खाऊन टाकते आणि आकडा खोटाच खाली येतो. तेव्हा तळाबद्दलची साक्ष मला अळीकडूनच घ्यावी लागली. एकटा लाल रंग हा पुरावा नव्हे. कायरोनोमस खेळत्या पाण्यातही लालच राहते. पण स्वच्छ, ऑक्सिजनयुक्त तळावर वाढणाऱ्या फिक्या रंगाच्या इतर कायरोनोमिड प्रजाती इथे अजिबात नव्हत्या, मोठ्या अळ्या सगळ्या लाल जातीच्या होत्या, आणि गाळाच्या कणांच्या ज्या नळ्या त्या स्वतःभोवती विणतात, त्या गाळात खोल गेलेल्या होत्या. घरी मी पाणी उकळून, काठोकाठ भरून, गार करून त्यात सहा अळ्या ठेवल्या आणि वर तेलाचा थर दिला. सकाळी सहाही जिवंत होत्या, सुस्त पण हलणाऱ्या. वरून निर्मळ दिसणाऱ्या त्या पाण्याच्या तळाशी एक वेगळे, श्वास कोंडलेले जग होते, आणि या अळीसारख्या मोजक्याच जीवांना तिथे सुखाने राहता आले असते.

भुकटी का हरली

मी अळी भिंगाखाली पाहण्याआधीच सोसायटीने संपात ब्लीचिंग पावडर टाकली होती, आणि नंतर मी नको म्हणत असतानाही एकदा टाकली. दोन्ही वेळी अर्धा अर्धा किलो. चांगल्या भुकटीत २५ ते ३३ टक्के क्लोरिन असतो, त्या हिशेबाने वीस हजार लिटरला हे प्रमाण लिटरमागे सहा ते आठ मिलिग्रॅम पडते. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असावा आणि १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे भारतीय मानक सांगते, तेव्हा मात्रा कमी होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. संध्याकाळी टाकल्यावर घरोघर वास येत होता. सकाळी क्लोरोस्कोपने पाहिले तर पाण्यात क्लोरिनचा मागमूस नव्हता. आणि त्याच सकाळी नळांतून अळ्या आदल्या दिवसापेक्षा जास्त आल्या.

रहिवाशांना यात काहीतरी अघटित वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर भुकटीत भेसळ असल्याचे ठरवून दुकानदाराशी भांडण काढले. कारण साधे होते. क्लोरिन आधी जे सर्वांत सहज ऑक्सिडीकृत होईल त्याच्यावर खर्च होतो, आणि चार बोटे सेंद्रिय गाळ व त्यातले सल्फाइड हे अळीपेक्षा त्याला कितीतरी सोपे भक्ष्य असते. जो थोडा क्लोरिन गाळापर्यंत टिकला, त्याने अळ्यांना मारले नाही, फक्त डिवचले. त्या नळ्या सोडून बाहेर पडल्या, पाण्यात पोहू लागल्या, आणि पहाटे मोटर चालू झाल्यावर तळाला टेकलेल्या फूटव्हॉल्व्हने, म्हणजे मोटरीच्या ओढनळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेने, त्यांना ओढून वर पाठवले.

नळी सोडून बाहेर पडल्या म्हणजे काय सोडून बाहेर पडल्या, हे समजण्यासाठी अळीच्या लाळग्रंथी पाहाव्या लागतात. माझी पुतणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायरोनोमसच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे हा तिच्या अभ्यासक्रमातला पाठ, पण कॉलेजात तिने तो तयार काचपट्टीवरच पाहिला होता. रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर तो ताज्या अळीवर केला. सौम्य मिठाच्या पाण्यात अळी ठेवायची, एका सुईने धड धरायचे आणि दुसऱ्या सुईने डोके हलकेच ओढायचे. तीन प्रयत्न फुकट गेले. चौथ्या वेळी डोक्यामागून दोन चपट्या, काचेसारख्या पारदर्शक ग्रंथी बाहेर आल्या, प्रत्येकीत तीस-चाळीसच पेशी, पण एवढ्या मोठ्या की साध्या भिंगातही वेगळ्या ओळखू याव्यात. अॅसिटो-ऑर्सीन या रंगात दहा-पंधरा मिनिटे ठेवून, वर काचेचे झाकण घालून, टीपकागदाखाली अंगठ्याने दाबले.

सूक्ष्मदर्शकात दिसली ती चार जाड, पट्टेदार गुणसूत्रे. खरे म्हणजे अळीत गुणसूत्रे आठ असतात, पण समजातांच्या, म्हणजे आई-बापांकडून आलेल्या सारख्या गुणसूत्रांच्या, जोड्या इथे एकमेकींना पूर्ण चिकटून जातात. या पेशी विभागत नाहीत. त्यांच्यातला डीएनए मात्र पुन्हा पुन्हा दुप्पट होत राहतो आणि हजारो धागे एकाच जुडीत बांधले जातात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकात पट्टे दिसतात. फ्रेंच संशोधक बाल्बियानी यांनी हे पट्टे १८८१ मध्ये याच अळीत पाहिले, पण ते काय आहेत हे कळायला १९३३ उजाडले. चौथे गुणसूत्र आखूड होते आणि त्याच्यावर कापूस पिंजल्यासारखी एक फुगीर कडी होती. याच बाल्बियानीच्या कड्या. बीअरमान यांनी १९५२ मध्ये दाखवले की अशा फुगवट्यांच्या जागा प्रत्येक ऊतीत वेगळ्या असतात, म्हणजे जिथे जो जनुक कामाला लागला आहे तिथे गुणसूत्र उकलते. क्लेव्हर आणि कार्लसन यांनी १९६० मध्ये अळीला एक्डायसोन हे कात टाकवणारे संप्रेरक टोचले आणि ठरावीक जागी अर्ध्या तासाच्या आत नवे फुगवटे उठताना पाहिले.

पुतणीने विचारले की मग ही कडी कशाचे काम करते. ते काम थेट आमच्या संपात होत होते. बाल्बियानीच्या कड्यांतले जनुक जी प्रथिने बनवतात ती अजस्र असतात, एकेकाचे रेणुभार दहा लाख डाल्टनच्या घरात. ती लाळेतून धाग्यासारखी बाहेर येतात, आणि याच धाग्यांनी अळी गाळाचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळी विणते. त्या नळीत ती अंगाची लाट खेळवून पाणी ओढते, जाळे ताणून त्यातले कण गाळून खाते, आणि भुकटी पडली की तिथेच दडी मारते. बाहेर क्लोरिन, आत सेंद्रिय चिखलाचे अस्तर. ज्या पेशीत इतके प्रचंड गुणसूत्र आहे तिचे एकुलते एक काम हे घर बांधणे आहे.

फडक्यावरच्या फिक्या, इवल्या अळ्यांचे कोडेही याच जीवनक्रमातून सुटते. मादी जिलेटिनसारख्या पुंजक्यात अंडी घालते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत ती फुटतात. पहिल्या अवस्थेतल्या अळीत हीमोग्लोबिन नसते, ती नळीही करत नाही, पाण्यात तरंगत फिरते. म्हणून ती मोटरीतून सहज निसटून गच्चीवर जाते. पुढे ती तळ गाठते, लाल होते आणि एका जागी राहते. चार अवस्था, मग एक-दोन दिवसांचा कोश, मग काही दिवस जगणारे चिलट. आमच्याकडच्या हवेत हे सारे दोन-तीन आठवड्यांत उरकते.

काय केले

उपायांबद्दल बैठक झाली. एका सभासदांनी टेमेफॉस हे अळीनाशक टाकायला सुचवले. डासांच्या अळ्यांसाठी ते पिण्याच्या पाण्यातही लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेची मुभा आहे हे खरे, पण मेलेल्या अळ्या त्याच गाळात कुजल्या असत्या आणि गाळ पुढच्या पिढीसाठी तसाच राहिला असता. दुसऱ्यांनी गप्पी मासे सुचवले. अंधाऱ्या संपात मासे पाळून त्यांची विष्ठा पिण्याच्या पाण्यात सोडायची, ही कल्पना मला मुळीच पटली नाही. माझे म्हणणे एवढेच होते की विष कशाला, अळीपासून गाळ काढून घ्या आणि तिच्या आईची वाट बंद करा.

टाकी धुणारा माणूस नेहमीप्रमाणे शिडी लावून आत उतरायला निघाला तेव्हा मात्र मी त्याला हाताला धरून थांबवले. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधले शेवटचे विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेझ, बंद पाडतो. ऑक्सिजन आत असला तरी पेशीला तो वापरता येत नाही. शिवाय तो दाट झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. अळी आंबवून रात्र काढू शकते. माणसाच्या मेंदूला काही मिनिटेच मिळतात. बंद टाक्यांत माणसे जातात ती अशीच, आणि त्यांना काढायला उतरलेलीही जातात. मजुरी थोडी जास्त पडली, पण गाळ वरूनच, गाळ ओढणाऱ्या पंपाने काढला. झाकण रात्रभर उघडे ठेवून, पंख्याने हवा खेळवून, सकाळी कंबरेला दोर बांधून आणि वर दोन माणसे उभी करून मगच भिंती घासल्या.

त्यानंतर भुकटी टाकली, आणि या वेळी दीडशे ग्रॅम पुरली. दुसऱ्या सकाळीही क्लोरोस्कोपमध्ये पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरिन शिल्लक होता. झाकण बदलून रबरी पट्टी बसवली, उतू जाणाऱ्या पाण्याच्या नळीला बारीक जाळी लावली, फूटव्हॉल्व्ह वीतभर वर उचलला आणि दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

दहाव्या दिवशी आजींच्या फडक्यावर पुन्हा तीन अळ्या आल्या, आणि सचिवांनी मला जरा रागातच बोलावले. चूक माझीही होती, कारण गच्चीवरच्या टाक्या त्याच दिवशी धुतल्या पाहिजेत हा आग्रह मी धरला नव्हता. चारपैकी एका टाकीचे झाकण वाऱ्याने सरकलेले होते आणि तिच्या तळाशी, बोटभर गाळात, आधीच वर चढलेल्या इवल्या अळ्या आता लाल होऊन बसल्या होत्या. चारही टाक्या धुतल्या. त्यानंतर सहा आठवडे, म्हणजे निदान दोन पिढ्यांएवढा काळ, फडकी रोज पाहिली. शेवटची अळी चौथ्या दिवशी मिळाली, ती मेलेली होती.

राहिला प्रश्न आरोग्याचा. ही अळी माणसाच्या आतड्यात जगत नाही आणि पोटातल्या जंतांशी तिचे काही नाते नाही, हे मी घरोघर सांगितले. मात्र ‘निरुपद्रवी’ हा शब्द वापरायला मी तयार नव्हतो. तिच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर कॉलऱ्याच्या जीवाणूचे प्रकार वाढतात आणि त्या पुंजक्याचे जिलेटिन विरघळवून टाकतात, असे ब्रोझा आणि हॅल्पर्न यांनी २००१ मध्ये इस्राएलमधून दाखवले. सापडलेले बहुतेक प्रकार साथ पसरवणारे नव्हते, पण पिण्याच्या पाण्यात असले पुंजके नकोतच. दुसरे म्हणजे तिचे हीमोग्लोबिन काही लोकांना जोरदार अॅलर्जी करते. सुदानमध्ये नाईलकाठी कायरोनोमिडच्या थव्यांमुळे दम्याची प्रकरणे झालेली आहेत, आणि घरी मासे पाळणाऱ्यांनाही सुक्या अळ्यांच्या भुकटीने शिंका येऊ शकतात.

दुसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा नेमका हाच गोठवलेला ‘ब्लडवर्म’ आपल्या माशांसाठी बाजारातून पाकिटाने विकत आणतो. संप उपसला त्या दिवशी तो बरणी घेऊन उभा होता आणि आईने नको म्हणायच्या आत त्याने ती अर्धी भरली. त्यातल्या काही अळ्या मी मागून घेतल्या आणि थोड्या गाळासह जाळीखाली ठेवल्या. आठवड्याने त्यांतून चिलटे निघाली. नरांच्या मिशा पिसांसारख्या झुपकेदार होत्या आणि पुढचे पाय नेहमीप्रमाणे वर उचललेले होते. कायरोनोमस ही प्रजाती, म्हणजे जातींचा गट, बरोबर होती. जात ठरवायला गुणसूत्रांच्या पट्ट्यांचा क्रम नकाशाशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी पुतणीने आतापर्यंत अकरा काचपट्ट्या केल्या आहेत, ज्यांतल्या दोनच वाचण्याजोग्या आहेत.